एका दोन्याची ओ

सिंगापूरमध्ये पस्तिशी ओलांडली की बाईला नाव उरत नाही, ती ऑन्टी होते. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातला कॉफीवाला, बसचा ड्रायव्हर, लिफ्टमध्ये शिरलेली कॉलेजची पोरं, सगळे एकजात ऑन्टी म्हणतात. मला पहिल्यांदा कोणी ऑन्टी म्हटलं तेव्हा कोण बरं ही ऑन्टी, म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. मागे भिंत होती. त्या दिवशी मी रागाने कॉफी न घेताच निघाले. माझा राग असाच असतो, दरवेळी नुकसान माझंच करतो. आता अकरा वर्षांनंतर कोणी ऑन्टी म्हटलं नाही तरच चुकल्यासारखं वाटतं.

आई इथे राहायला आली तेव्हा तीही अर्थातच ऑन्टी झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. पुण्यात ती आमच्या सोसायटीत काकू होती, खालच्या मजल्यावर वहिनी होती, भाजीवालीची ताई होती आणि आम्हा भावंडांच्या मित्रांना 'अमक्याची आई' होती. एवढी नाती सांभाळणाऱ्या बाईला अजून एका ऑन्टीने काय फरक पडणार!

बाबा गेल्यावर आई फार रडली नाही. ती मागे सरकायला लागली. जिथे चार बायका जमतील त्या दारातून ती आपसूक मागे व्हायची. भाच्याच्या लग्नात ती दिवसभर कोठीच्या खोलीत पानसुपारी बघत बसली. बारशाला गेली तर मागच्या खोलीत बाळाच्या पणजीचे पाय चेपत बसली. कोणी 'बाहेर या ना' म्हटलं की एकच उत्तर, "मी कशाला मध्ये? तुमचं चालू द्या." हल्ली असलं कोणी मानत नाही, असं सगळेच म्हणत. पण ती आत जायला निघाली की हात धरून तिला बाहेर बसवणारंही कोणी नव्हतं. मी तर त्या लग्नाला गेलेही नव्हते, मला फोटो आले. सत्तर-ऐंशी फोटोंमध्ये आई एकातही नव्हती.

म्हणून वर्षश्राद्ध उरकल्यावर मी तिला उचलून सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आमच्या घरी आणली. इथे कोण विचारतंय, असा माझा हिशेब होता. मला तिच्याकडून एकच हवं होतं. तिने चारचौघींत येऊन बसावं, पूर्वी बसायची तसं, मांडी घालून, मोठ्याने बोलत. जावयाच्या घरी किती दिवस राहायचं, यावर तिने पुण्यातून निघतानाच तीन वेळा वाद घातला होता. जावई बिचारा विमानतळावर फुलं घेऊन उभा होता.

तिच्या व्हिजिट पासचा फॉर्म मीच भरला होता. त्यात एक रकाना होता, याशिवाय दुसरं काही नाव आहे का, असा. मी 'नाही' लिहिलं आणि पुढे गेले. ऑफिसात रॅफल्स प्लेसला बसून, एका हाताने सँडविच खात, दोन मीटिंगांच्या मध्ये भरलेला फॉर्म तो. पण घाई होती म्हणून तसं लिहिलं, असं मी म्हणणार नाही. मला खरोखरच तसं वाटलं होतं.

आमचा फ्लॅट सरकारी इमारतीतला, लांबलचक सामाईक कॉरिडॉरचा. एका ओळीत आठ दारं, दारापुढे चपलांची रॅक, कोणाची तुळस, कोणाच्या सायकली. आईला घरात फार कोंडल्यासारखं व्हायचं. आठवड्याभरात तिने बाथरूममधलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल बाहेर काढलं, दारात मांडलं आणि ती तिथे बसून मेथी निवडायला लागली. येणारे-जाणारे पाय बघायला मिळतात, म्हणाली. चेहऱ्यांपेक्षा तिला पायच जास्त दिसत असावेत.

दोन दारं सोडून मेक्सिकोची एक मुलगी खोली भाड्याने घेऊन राहायची. तिशीतली, कुरळ्या केसांची, जवळच्याच विद्यापीठात खारफुटीवर संशोधन करणारी. तिचे बूट कायम चिखलाने भरलेले असायचे. ती एक दिवस आईच्या समोर थांबली, बूट काढले, जमिनीवर फतकल मारली आणि न विचारता मेथी निवडायला लागली. हे मला माझ्या लेकीने सांगितलं. लेक अकरा वर्षांची, इथलीच वाढ, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही इथलं, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लाह नाहीतर मेह लावलेलं. शाळेतून आली की तीही कॉरिडॉरमध्ये बसायची आणि दोघींच्या मध्ये दुभाषी व्हायची. आईचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. ते बोलायची वेळच कधी आली नव्हती.

"त्या काय बोलतात गं?" मी लेकीला विचारलं.

"एव्हरीथिंग लाह," ती म्हणाली. "आजी टोल्ड हर शी वॉज व्हेरी फास्ट इन खो-खो. शी कॉल्स आजी दोन्या."

आई खो-खो खेळायची हे मला माहीत नव्हतं. पण दोन्या हा शब्द जास्त नवा होता, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

लिफ्टमध्ये ती मुलगी भेटली तेव्हा मी विचारलंच. दोन्या म्हणजे काय? ती हसली. स्पॅनिशमध्ये बाईला आदराने असं म्हणतात, म्हणाली. पूर्वी बड्या घरच्या बायकांनाच म्हणत. आता माझ्या आजीलाही दोन्या म्हणतात आणि कोपऱ्यावर बसून तमाली विकणाऱ्या म्हातारीलाही. तमाली म्हणजे मक्याच्या पिठाचा पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ, आपल्या पातोळ्यांचा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

"म्हणजे ऑन्टीसारखंच," मी म्हणाले.

"नाही नाही," ती घाईने म्हणाली. "ऑन्टी कोणालाही म्हणता येतं. दोन्याच्या पुढे बाईचं स्वतःचं नाव लावावं लागतं. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. तिचं नाव. त्यामुळे आधी तिला विचारावं लागतं."

तिचा मजला आला, म्हणजे आमचाच, आणि ती चिखलाचे बूट वाजवत गेली. मी लिफ्टच्या दारात तशीच उभी राहिले. काकू म्हणायला नाव लागत नाही. मावशी, वहिनी, आजी, ऑन्टी, कशालाच लागत नाही. आयुष्यभर आपण शेकडो बायकांना गोड हाका मारल्या आणि त्यातल्या कितींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आमच्या पुण्याच्या घरी वीस वर्षं भांडी घासणाऱ्या मावशींचं नाव मला अजूनही सांगता यायचं नाही. आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा भाषेत एक शब्द असा आहे की जो तोंडातून काढण्याआधी बाईला विचारावंच लागतं, बाई, तुझं नाव काय? लिफ्टचं दार मला दोनदा येऊन आदळलं.

त्यानंतर मला तो शब्द सगळीकडे दिसायला लागला. मला एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसते, नवरा त्याला माझी भुतं म्हणतो. मी वाचायला लागले. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ घरची धनीण. त्याचीच पोर्तुगीज बहीण दोना. इटालियनमधली दोन्ना. फ्रेंचांची मादाम, आणि तिच्यातून इंग्रजांची मॅडम, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या पत्रांवर आईच्या नावाआधी छापून येते तीही त्याच घरातली. आणि पोर्तुगीज मलाक्क्याला आले, तिथे दोनाची हळूहळू न्योन्या, म्हणजे इथल्या जुन्या चिनी-मलय घरांतली बाई झाली, असं म्हणतात. न्योन्या! आमच्या हॉकर सेंटरमध्ये न्योन्या क्वेचं दुकान आहे. नारळाच्या दुधातल्या, हिरव्या-गुलाबी थरांच्या वड्या मिळतात तिथे. अकरा वर्षं मी त्या वड्या एकेक थर सोलून खाल्ल्या आणि पाटीवरचा शब्द कुठून आला असेल, असा प्रश्न एकदाही पडला नाही. मी दुकानातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "माय ग्रँडमदर वॉज अ रिअल न्योन्या. मी, ओन्ली सेलिंग." आणि एक वडी फुकट दिली. ती हातात धरून मी किती तरी वेळ उभी होते. एवढासा शब्द, कुठून निघाला आणि कुठे कुठे उतरला! जहाजातून, लग्नांतून, स्वयंपाकघरांतून. आणि मी त्याला चहाबरोबर खाल्लं.

हे सगळं मी आईला सांगितलं. आमच्या शेजारच्या आजोबांना सांभाळायला फिलिपिन्सची एक बाई असते, तीही तेव्हा कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालत होती. ती खो खो हसायला लागली. त्यांच्याकडे दोन्या म्हणजे पैसेवाली बाई, आणि घरात कोणी नुसतं बसून हुकूम सोडायला लागलं की, काय गं दोन्या झालीस का, असं चिडवतात.

आई शांतपणे मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, "म्हणजे आपल्या बाईसारखंच की. बाई राणीला म्हणायचे, शाळेत मास्तरणीला म्हणायचे आणि आज बाई आली नाही म्हणून पदर खोचून भांडी घासायची तीही बाईच." मग थोडं थांबून म्हणाली, "दोना पावलाला आम्ही गेलो होतो. तुझे बाबा आणि मी. फार वारा होता. तिथली ती दोना हीच होय?"

मी हो म्हणाले. आम्ही सगळे गोव्याला गेलो की दोना पावलाला जातो, कठड्याला टेकून फोटो काढतो, आणि त्या नावातली दोना म्हणजे कोणी बाई असावी हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आईच्या आलं. मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

जानेवारीत मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. दरवर्षी करतेच. इथल्या मराठी बायका एकमेकींकडे जातात, टॅम्पिनीसहून एक तासाचा प्रवास करून येतात, साड्या नेसून एमआरटीत, इथल्या मेट्रोत बसतात आणि डब्यातले सगळे लोक बघत राहतात. या वर्षी मनात एक डाव होता. आई घरात असणार, बायका घरात येणार, मग ती जाईल कुठे?

आईने तिळाचे लाडू करायला घेतले. पाक तिचा कधी चुकत नाही. दोन दिवस घरभर गुळाचा वास होता. शेवटचा लाडू वळून तिने हात धुतले आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "त्या दिवशी मी आतल्या खोलीत पडेन. दार लावून घेईन. तुम्ही मोकळेपणी बोला."

माझा पारा चढला. "आई, मी असलं काही मानत नाही."

"तू नको मानूस. मी मानते."

"कशाला पण? तू काय केलंयस?"

"केलं कोणी काय नाही गं. तिथे माझं काही काम नाही, एवढंच." आणि ती लाडू मोजायला लागली. मी तावातावाने बरंच बोलले. जुनाट, बुरसटलेलं, असे सगळे शब्द वापरले. ती ऐकून घेत होती. आईशी भांडण्यात मजा नाही, ती दुसरी बाजूच घेत नाही.

वाण म्हणून मी कापडी पिशव्या आणल्या होत्या, आणि प्रत्येक पिशवीवर त्या त्या बाईच्या नावाचं स्टिकर लावायचं ठरवलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे, असं मला तिसरीपासून सांगण्यात आलंय. आईसाठीही एक पिशवी ठेवली, शेजारच्या मेक्सिकोच्या मुलीसाठीही. रविवारी दुपारी मार्कर घेऊन बसले. काम भराभर व्हावं म्हणून आधी सोळाच्या सोळा स्टिकरांवर 'सौ.' लिहून काढलं आणि मग एकेक नाव भरत गेले. पत्रिकांचे पत्ते लिहिताना लहानपणी आम्ही असंच करायचो. हात आपला चालत राहतो.

संध्याकाळी आई ते स्टिकर पिशव्यांना लावायला बसली. आणि एका पिशवीपाशी थांबली.

मी स्वयंपाकघरातून पाहिलं तेव्हा तिच्या हातात तिची पिशवी होती. स्टिकर लावून झालं होतं आणि आता ती ते नखाने हळूच सोलून काढत होती, कापडाला इजा होणार नाही असं. 'सौ.', आणि पुढे तिचं नाव, माझ्या सुंदर अक्षरात. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. ती उठली, ते स्टिकर दुमडून तिने माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "पिशवी छान आहे. कोणाला तरी देऊन टाक."

मी मानत नाही म्हणणारी, तावातावाने भांडणारी मी. माझ्या हातानेच तो शब्द लिहिला होता, सोळा वेळा, एका दमात. नवरा आहे तोवर लावायचा आणि तो गेला की काढायचा शब्द, आईच्या नावापुढे. शेजारच्या मुलीलाही मी सौ. करून टाकलं होतं, तिचं तर लग्नही झालेलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. कांदा मी चिरत नव्हते.

शनिवारी दुपारी बायका आल्या. कॉरिडॉरमध्ये चपलांचा ढीग झाला. आईने सगळी तयारी स्वतः केली, चटई घातली, करंड्यात हळदीकुंकू भरलं, लाडवांचं ताट मधोमध ठेवलं. पहिली बेल वाजली आणि ती आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, कारण मी त्याचीच वाट बघत होते. चौदा जणी बसल्या, गप्पा सुरू झाल्या, पण माझं लक्ष त्या बंद दाराकडे होतं. माझं काय चुकलं होतं, कोणाला सांगणार?

थोड्या वेळाने मेक्सिकोची मुलगी आली. धुतलेले बूट, हातात पिवळी फुलं. तिने सगळ्यांना हसून नमस्कार केला, खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, दोन्या अमुक कुठे आहेत? अमुक म्हणजे तिने एक नाव घेतलं. मराठी नाव, जरा जुन्या वळणाचं, तिच्या जिभेवर किंचित गोलावलेलं, पण स्पष्ट.

मी म्हणाले, "अशा कोणी इथे राहत नाहीत. पलीकडच्या ब्लॉकमध्ये असतील."

असं मी म्हणाले. मनापासून, मदत करायची म्हणून.

ती गोंधळली. "मी रोज त्यांच्याबरोबर बसते," ती म्हणाली. "तुमच्या दारात."

चौदा बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. आणि तोंडात लाडू असलेली माझी लेक म्हणाली, "आई, दॅट्स आजी लाह. दॅट्स हर नेम. यू डोन्ट नो मेह?"

मला माहीत होतं. तेच तर वाईट. फार वर्षांपूर्वी आईच्या शाळेच्या दाखल्यावर मी ते नाव पाहिलं होतं, पासपोर्टसाठी कागद जमवताना. आईचं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. माहेरीही ती सगळ्यांत मोठी म्हणून मामा-मावश्या तिला अक्काच म्हणत. ते नाव कोणी हाकेत वापरलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आधी दाखल्यावर वाचलं, मग विसरले, मग फॉर्मवर 'नाही' लिहिलं, आणि आता तिच्याच दारात उभी राहून, अशी कोणी इथे राहत नाही म्हणाले.

मेक्सिकोच्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने बंद दार पाहिलं. ती तिथे गेली, दार वाजवलं नाही. रोज कॉरिडॉरच्या टोकापासून मारत असावी तशी तिने हाक मारली. दोन्या, आणि पुढे ते नाव, शेवटचा स्वर लांबवून.

आणि आतून आवाज आला, "ओ!"

काय सांगू? मोठा, खणखणीत, ताबडतोब. गल्लीतून मैत्रिणीने हाक मारावी आणि माडीवरून मुलीने द्यावी तशी ओ. विचार करायला वेळच न घेता आलेली. माझ्या आईला मी शेचाळीस वर्षं ओळखते. ती हाका मारायची, ओ आम्ही द्यायचो. तिला कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे तिची ओ मी कधी ऐकलीच नव्हती. त्या दाराआड माझी आई होती आणि तिच्यातच पन्नास वर्षं कोणी न बोलावलेली एक मुलगी होती, आणि ती जागीच होती.

कडी निघाली. आई दारात उभी राहिली, चष्मा कपाळावर, एका बाजूचे केस उशीने चपटे झालेले. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं असावं. तिने सगळ्या बायकांकडे पाहिलं आणि तिचं पाऊल किंचित मागे गेलं. ते मागे जाणारं पाऊल मला चांगलं ओळखीचं होतं. मुलगी चटईवर बसली आणि शेजारच्या जागेवर तिने हाताने थोपटलं, रोज कॉरिडॉरमध्ये थोपटत असेल तसं. आईने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि ती आली. चौदा जणींच्या मधून वाट काढत आली आणि मांडी घालून बसली.

मी करंडा घेऊन पुढे झाले आणि मध्येच थांबले. पुढे करावा की करू नये, मला काहीच कळेना. आईने माझा हात हलकेच बाजूला केला.

"कुंकू नको मला," ती म्हणाली. "पण बसते."

मग तिने लाडवांचं ताट ओढून घेतलं आणि तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणत एकेकीच्या हातावर लाडू ठेवला. प्रत्येकीला ती आधी नाव विचारत होती. तुझं नाव काय गं? आणि तुझं? दहा दहा वर्षं एकमेकींना ओळखणाऱ्या बायका, आपलं नाव सांगताना लाजत होत्या.

संध्याकाळी भांडी आवरताना मी तिला विचारलं, "आई, ते तांदळातलं नाव तुला आवडलं होतं का?"

"अक्षर छान होतं तुझ्या बाबांचं," ती म्हणाली.

"मग त्या तांदळाचं काय झालं?"

"भात केला असेल दुसऱ्या दिवशी. टाकतंय कोण?"

"आणि जुनं नाव? ते कुठे गेलं इतकी वर्षं?"

तिने ताट पुसून जागेवर ठेवलं. "कुठे जाणार? कोणी हाक मारली नाही, एवढंच."

"बाबांनीसुद्धा नाही?"

"ते 'ऐकलंस का' म्हणायचे. मी ऐकायचे. चांगले होते गं ते." तिचा आवाज ओला झाला, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. मीही रडले, या वेळी कांदा नव्हता आणि मी त्याचं नावही घेतलं नाही.

फेब्रुवारीत तिच्या पासची मुदत वाढवायची होती. तिनेच सांगितलं, वाढव म्हणून, जावयाला विचारून घे म्हणाली. पुन्हा तोच फॉर्म. मी भरत गेले आणि त्या रकान्यापाशी आले. याशिवाय दुसरं काही नाव? मी लॅपटॉप उचलला, कॉरिडॉरमध्ये नेला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने मेथीचे हात पदराला पुसले. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने ते लिहिलं. मी खांद्यावरून पाहिलं आणि या वेळी पाठ करून घेतलं. ते इथे लिहीत नाही. तिचं आहे, ज्याला हवं त्याने तिला विचारावं.

"सौ., श्रीमती, ते कुठे भरायचं?" तिने विचारलं.

मी फॉर्म खालपर्यंत पाहिला. "ते विचारलेलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट उघडली, चिखलाचे बूट वाजले आणि हाक आली. आईने ओ दिली, लॅपटॉप माझ्या हातात कोंबला, आणि स्टूल सरकवून शेजारी जागा केली.